शिपायाचं ताट

या मित्रांनो, असे जवळ या. मागच्यांनी थोडं पुढं सरका, कारण माझा आवाज आता लांबवर जात नाही. मांडी घालून बसलात की तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती एका फार जुन्या संताची आहे, एका स्वयंपाकघराची आहे आणि एका तासाची आहे.

मी एक जुनं काशाचं ताट आहे.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून मला घडवलं. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं, असं किती दिवस चाललं ते आता आठवत नाही. टिचकी मात्र आठवते. काशाची परीक्षा एकच असते. घडवणारा माणूस बोटानं काठावर टिचकी मारतो आणि कान देतो. मला पहिली टिचकी मारली तेव्हा माझा नाद दुकानातून निघून रस्ता ओलांडून गेला. दोन माणसांनी वळून पाहिलं. कासार म्हणाला, "हे भजनात वाजवा, न्हाय तर लग्नात द्या."

मला लग्नात दिलं. कळंबच्या एका ख्रिस्ती घरातल्या शारदाचं लग्न ठरलं होतं. तिच्या आईनं माझ्या काठावर तिचं नाव बारीक ठिपक्यांनी कोरून घेतलं आणि पोरीबरोबर मला तेरला धाडलं.

तेरला शारदाच्या नवऱ्याचं घर. नवरा बाबूराव, गावातल्या शाळेत शिक्षक, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. सहा दिवस ते गणित शिकवायचे. रविवारी आणि सणाला ख्रिस्ती कीर्तन करायचे. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या आणि गळा असा, की ऐकणाऱ्याचं हातातलं काम थांबावं. प्रभूच्या प्रेमाचं निरूपण सुरू झालं की त्यांचे स्वतःचेच डोळे आधी भरायचे. मी पुष्कळ कीर्तनं स्वयंपाकघरातल्या फळीवरून ऐकली आहेत, आणि त्या गोडीची मी आजही कुणाला साक्ष देईन.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. इथल्या माणसांचा कान कीर्तनावर पोसलेला. त्यामुळं मास्तरांच्या अंगणात चर्चच्या मंडळीतली माणसं असायची तशी गावातलीही असायची, आणि चूक काढल्याशिवाय उठायची नाहीत. शेजारच्या तुळजाबाई तर खांबाला टेकून बसायच्या आणि कीर्तन संपलं की म्हणायच्या, "मास्तर, दुसऱ्या कडव्यात सूर उतरला तुमचा. सकाळी दही खाल्लं का?"

फेब्रुवारीत मास्तर एका संताचं आख्यान लावायचे. नाव पॉलिकार्प, स्मुर्णा नगरीचे बिशप. तुळजाबाईंना ते नाव पेलायचं नाही. त्या म्हणायच्या स्मुर्णेकर बाबा. मग सगळेच तसं म्हणू लागले.

हे स्मुर्णेकर बाबा कोण, ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. प्रभूच्या शिष्यांना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांच्यापैकी हे एक. फार म्हातारे झाले होते. राजाचा हुकूम सुटला की या माणसाला पकडा. मित्रांनी त्यांना गावाबाहेरच्या एका मळ्यात लपवलं. पण शिपायांना ठिकाण कळलं आणि जेवणाच्या वेळेला ते हत्यारं घेऊन दारात आले. बाबांना पळता आलं असतं. ते पळाले नाहीत. माडीवरून खाली आले, शिपायांच्या तोंडाकडं पाहिलं आणि घरातल्यांना म्हणाले, यांना जेवायला वाढा. इथं मास्तरांच्या चिपळ्या थांबायच्या आणि ते गायचे,

"आले शिपाई धरण्या दारी, वृद्ध म्हणे मग हासुनी,
बसा लेकरांनो, जेवा आधी, मग न्या मजला बांधुनी."

त्यानंतर बाबांनी शिपायांकडं प्रार्थनेला एक तास मागितला. हे वाक्य मास्तर भरभर म्हणायचे. एक तर तबल्याचे हात दमलेले असायचे, आणि तोवर रश्श्याचा वास अंगणात पोचलेला असायचा. मग न्यायसभा यायची. सुभेदार म्हणतो, तुझ्या ख्रिस्ताला शिवी दे, सोडतो. बाबा म्हणतात, शहाऐंशी वर्षं त्याची चाकरी केली, त्यानं माझं कधी वाईट केलं नाही, मी माझ्या राजाला शिवी कशी देऊ? मग बाबांना जाळायला पेटवलेला अग्नी. मग आरती. मग जेवण.

माझं काम इथून सुरू व्हायचं. या घरात मास्तरांच्या वडिलांपासून एक रीत होती. त्या दिवशी पहिलं ताट घरच्या कुणाचं नसायचं, पाद्रीबाबांचंही नसायचं. ज्यानं त्या वर्षी घराला सगळ्यांत जास्त दुखवलं असेल, त्याला बोलावून आणायचं आणि पहिलं ताट त्याला वाढायचं. त्याला शिपायाचं ताट म्हणायचे. ते ताट जेवून रिकामं होईपर्यंत बाकी कुणी घासाला हात लावायचा नाही, मग पंगतीत साठ माणसं असोत की शंभर. वडिलांच्या वेळी पितळी ताट होतं. मी आलो तेव्हा मास्तरांनी मला फळीवरून उतरवलं, टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाले, "आजपासून हे."

शारदा चुलीपुढं होती. ती काही बोलली नाही. पाहुणे बसले होते.

किती शिपाई जेवले माझ्यात. पलीकडचा महालिंगप्पा आपल्या मोरीचं पाणी मुद्दाम मास्तरांच्या दारात सोडायचा. त्याला बोलावलं तर पहिल्या वर्षी तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "आमी लिंगायत. तुमचं मटण आमाला चालत न्हाय." शारदानं त्या वर्षी सगळ्या मंडळीला वांग्याचा रस्सा केला. मंडळीनं तोंडं वाकडी केली, पण खाल्लं. महालिंगप्पानं तीन भाकरी खाल्ल्या आणि मोरी वळवली. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही तेव्हा तो आपणहून आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्याशी भांडण मिटवू न्हाय बघा. मिटलं की जेवण जातं." तेव्हापासून तो दर वर्षी आला, आणि रस्साही वांग्याचाच राहिला.

मास्तर आणि शारदा यांना एकच मुलगा, कैवल्य. वर्षाच्या इतर दिवशी मी त्याचं ताट असायचो. लहानपणी जेवण यायला उशीर झाला की तो माझ्या काठावर दोन बोटांनी ताल धरायचा. शारदा म्हणायची, "ताट वाजवू नको, भिकेला लागशील." तो म्हणायचा, "आई, ताट न्हाय वाजवत, ठेका धरतोय." तोच पुढं तबल्यावर बसला. मास्तर गायचे आणि पोरगा साथ करायचा. तुळजाबाईंनी त्याची चूक कधी काढली नाही.

आता पुढचं सांगतो. ते सांगताना माझा आवाज हलत नाही, म्हणून मला निर्दय समजू नका. काशाला तडा गेला की आवाज हलतच नाही.

उसाचा हंगाम होता. रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली बंद पडली होती. टायर फुटला होता. गाडी बंद पडली की मागं दगड लावायचे आणि बाभळीची फांदी तोडून रस्त्यात टाकायची, म्हणजे येणाऱ्याला लांबून दिसतं, एवढं इथल्या पोराटोराला माहीत आहे. चालवणारा वैजनाथ, भूम तालुक्यातल्या ईटचा. पंक्चरवाला गाठायच्या गडबडीत तो फांदी न टाकताच गेला. दिवेलागणीची वेळ होती. कैवल्य मोटारसायकलवर घरी येत होता.

शारदा मला राखेनं घासत होती. दारात माणूस आला आणि त्यानं सांगितलं. मी तिच्या हातातून शहाबादी फरशीवर पडलो. काठापासून आत, बोटभर, केसाएवढी चीर गेली. शारदानं मला उचललं, विसळलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. मग ती बाहेर गेली.

ती रडली नाही. पोराला माती दिली त्या दिवशी नाही आणि वर्षानं नाही. सकाळी उठायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची, वाढायची. रांधलेलं चाखून पाहायची नाही. विचारलं तेवढं बोलायची. माणसं भेटायला यायची. चांगल्या मनानं यायची, तेही मला कळतं. पण आलेला प्रत्येक माणूस तिला हलवून पाहायचा. "रड की गं बाई, रडलं म्हणजे मोकळं हुतंय." "देवाची इच्छा म्हण." "काहीतरी बोल की." ती मान हलवायची आणि चहा ठेवायची.

आणि आलेला प्रत्येक माणूस मलाही वाजवून पाहायचा. तुळजाबाईंनी मला फळीवरून काढलं आणि टिचकी मारली. बद्द. "अगं, हे तर बद्द वाजायलंय," त्या म्हणाल्या आणि खात्री करायला आणखी दोनदा मारली. मित्रांनो, एक गोष्ट माझ्या अंगावर बेतली म्हणून सांगतो. चिरलेल्या काशाला टिचकी मारली की नाद परत येत नाही, चीर मात्र वाढते. ती बोटभर होती, दोन बोटं झाली.

एकट्या महालिंगप्पानं काही विचारलं नाही. तो मंगळवारी बाजार करून यायचा, मेथीची एक जुडी उंबऱ्यावर ठेवायचा आणि खाली मान घालून निघून जायचा.

दोन वर्षं अंगणात कीर्तन झालं नाही. मास्तरांनी फेटा पेटीत ठेवला. तबल्यावर खोळ चढली. मास्तर अंगणात बसून दाराकडं बघायचे, आणि संध्याकाळी शारदानं कंदील लावला की आत यायचे. दोघं समोरासमोर जेवायची आणि मीठ आहे की नाही, हे दोघांपैकी कुणालाच कळायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मंडळीतली माणसं म्हणाली, मास्तर, यंदा स्मुर्णेकर बाबांचं आख्यान लावा. पाचव्या दिवशी मास्तर एसटीनं निघाले, दोन गाड्या बदलून ईटला गेले आणि दिवस मावळायच्या आत परत आले. हातपाय धुऊन शारदाला म्हणाले, "वैजनाथला सांगून आलो. पहिलं ताट त्याचं. काशाचं ताट काढून ठेव."

शारदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"येतो म्हणाला का?" तिनं विचारलं.

"येतो म्हणाला. ट्रॅक्टर सोडलाय त्यानं. कोर्टाच्या तारखेला तेवढा घराबाहेर पडतो म्हणं." मग थोडं थांबून ते म्हणाले, "बाबांनी शिपायांना वाढलं. आपुन कोण मोठे लागून गेलो?"

"व्हय," शारदा म्हणाली.

मास्तरांचं मन वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, या एका ताटानं घराचं दार पुन्हा उघडेल. शारदाच्या त्या होकाराच्या मागं काय आहे, ते पाहायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी शारदानं मला चिंच आणि राख लावून घासलं. चिरेवरून तिचं बोट फिरलं. ते तिथं किती वेळ थांबलं, मी मोजलं नाही. अंगणात मंडप होता. अकराला मास्तर उभे राहिले. तबल्याची जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती. ठेका नव्हता, नुसत्या चिपळ्या. आख्यान चाललं. शिपाई दारात आले, बाबा माडीवरून उतरले, आणि मास्तर ते कडवं गाताना मधेच थांबले, पुन्हा उचललं आणि पुरं केलं. तासाचं वाक्य नेहमीसारखं भरभर गेलं. सभा झाली, अग्नी झाला, आरती झाली.

वैजनाथ मांडवाच्या कडेला उकिडवा बसला होता. तीस-बत्तीसचा असेल. मास्तरांनी त्याला हाताला धरून पाटावर बसवलं. मला त्याच्यापुढं मांडलं. भाकरी आली, भात आला. रश्श्याची वाटी माझ्यावर टेकली तेव्हा मी बद्द वाजलो आणि सगळ्यांनी ऐकलं. मागं साठ माणसं पत्रावळींपुढं हात मांडीवर ठेवून बसली होती.

"घे लेकरा," मास्तर म्हणाले. "जेव."

वैजनाथनं भाकरीला हात लावला. तो हात तिथंच राहिला. त्याला ती मोडेना.

"थांब," शारदा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ होतं. आवाज चढलेला नव्हता.

"अगं, ताटावरनं माणसाला—" मास्तर म्हणाले.

"काठावरचं नाव वाचा, मास्तर."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिनं त्यांना मास्तर म्हणून कधी हाक मारली नव्हती. ती गावाची हाक होती. मास्तर वाकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. ठिपके झिजले होते, पण वाचता येत होते.

"शारदा," त्यांनी वाचलं.

"माझ्या आईनं दिलंय ते. लेकरू त्यात जेवलंय. तुमी दर वर्षाला त्यात क्षमा वाढली. रांधलं म्या, घासलं म्या. शारदा, तुझी तयारी हाय का, असं एकदा तरी विचारलं?"

"मी तुला सांगितलं होतं—"

"सांगितलं. विचारलं न्हाय." तिनं पदराला हात पुसले. "बाबांनी शिपायांना जेवू घातलं, खरंय. मग त्यांनी काय मागितलं?"

इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं आख्यान, पण त्या क्षणी मास्तरांना आठवेना.

"तास," मागून महालिंगप्पा म्हणाला. "तास मागितला व्हता म्हाताऱ्यानं. तुमीच सांगता की मास्तर. घाईघाईनं सांगता, पर सांगता."

"मला तो तास द्या," शारदा म्हणाली. "एवढे संत, त्यांना तास लागला. मी साधी बाई हाय."

तिनं मला भरलेलंच उचललं आणि आत नेलं.

वैजनाथ उठायला लागला, मग पुन्हा बसला. त्यानं ते आख्यान आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि नीट ऐकलं होतं. त्यानं विचारलं, "शिपाई थांबले व्हते न्हवं, मास्तर?"

"थांबले होते," मास्तर म्हणाले. "दोन तास थांबले."

"मग मी थांबतो."

रीत म्हणजे रीत. पहिलं ताट जेवून झाल्याशिवाय कुणी जेवायचं नव्हतं. साठ माणसं पत्रावळींपुढं बसून राहिली. पोरं कुरकुरली. कुणीतरी पुटपुटलं, रस्सा निवतोय. तुळजाबाई म्हणाल्या, "निवू दे. तुझा जीव जातोय का?" आणि मास्तर, ज्यांनी जन्मभर प्रत्येक गप्प जागा गाण्यानं भरली होती, ते चिपळ्या मांडीवर ठेवून नुसते बसले.

आत शारदानं मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्यापुढं बसली. प्रार्थना केली असेल तर ती मला ऐकू आली नाही. ती खुंटीकडं बघत होती. तिथं कैवल्यचा शर्ट होता. डोळे कोरडे होते. तिनं मला वाजवून पाहिलं नाही. नुसता तळहात माझ्यावर, काठाच्या चिरेवर ठेवला आणि तसाच ठेवून बसली. रस्सा निवला, त्यावर तेलाची साय धरली. उन्हाचा कवडसा चुलीपासून उंबऱ्यापर्यंत सरकला.

मग तिनं भाकरी मोडली. रश्श्यात बुडवली आणि तोंडात घातली. सावकाश चावली.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

तिथं दुसरं कुणी नव्हतं. ती मलाच म्हणाली असेल. दोन वर्षांत तिनं चवीविषयी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिनं सगळं संपवलं. भाकरी, भात, वाटी पुसून रस्सा. मग उठली, मला विसळलं, ओट्यावर पालथं घातलं आणि फळीवरून स्टीलचं एक ताट काढलं. त्यात वाढून घेतलं आणि ते बाहेर नेऊन वैजनाथपुढं ठेवलं.

"पहिलं ताट झालं," ती म्हणाली. "सगळ्यांना वाढा. मीठ वरनं घ्या."

वैजनाथचा हात पुन्हा भाकरीपाशी अडला. "मावशी, मी त्या दिवशी फांदी—"

"जेव आधी," शारदा म्हणाली. "ते मला आज ऐकायचं न्हाय. परत ये."

तो जेवला. मान खाली घालून, पण जेवला. महालिंगप्पानं मिठाचं भांडं पंगतीतून फिरवलं.

त्याला आता एक वर्ष झालं. शारदानं त्याला क्षमा केली का? मला ठाऊक नाही. मी जे पाहिलं तेवढंच सांगतो. वैजनाथ महिन्या-दोन महिन्यांनी येतो आणि दारातल्या ओट्यावर बसतो. कधी ती बाहेर येते, कधी येत नाही. तो थांबतो आणि शेवटच्या एसटीच्या आधी निघून जातो. एकदा तिनं त्याला फांदीची गोष्ट सांगू दिली. सगळी ऐकली आणि आत गेली. त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर होतं.

यंदाच्या आख्यानात मास्तर तासाच्या वाक्यापाशी आले आणि चिपळ्या खाली ठेवून थांबले. तासभर नाही, तासभर मंडळी बसत नाही. पण चांगले थांबले. तबल्याची रिकामी जागा सगळ्यांना दिसेल इतके थांबले. पंगतीच्या वेळी त्यांनी आत येऊन शारदाला विचारलं, "यंदा पहिलं ताट कुणाचं?" शारदा म्हणाली, "अजून माझंच."

तर मित्रांनो, मी आता फळीवर असतो. माझा नाद गेला तो गेला. मला वितळलेला डाख लावून कुणी सांधू शकत नाही, आणि कुणी सांधावं असं मला वाटतही नाही. पण भाकरी अजून माझ्यात मावते. तुमच्या घरात काशाचं जुनं भांडं असेल तर ते राखेनं हलक्या हातानं घासा, कोरडं करून ठेवा, आणि ते बद्द वाजत असेल तर वाजवून बघू नका. माणसाचंही तेच. ज्याचा नाद गेला आहे त्याला बोल, रड, विसर असं म्हणून टिचक्या मारू नका. हात ठेवा. मेथीची जुडी ठेवा. त्यानं तास मागितला तर द्या, आणि न मागताही विचारा, तास हवा आहे का.

एक शेवटचं मागणं. स्मुर्णेकर बाबांची आठवण जग ठेवतं, ती ठेवलीच पाहिजे. पण त्या मळ्यातल्या घरात बाबा म्हणाले, शिपायांना वाढा, तेव्हा आत चुलीपाशी कुणीतरी बाई असणारच. जे आपल्या म्हाताऱ्याला न्यायला आले होते, त्यांच्यासाठी तिनं अन्न उतरवलं असेल. तिला कुणी विचारलं नसेल. तिचं नाव कुठल्या काठावर कोरलेलं नाही आणि कुठल्या आख्यानात येत नाही.

जेवायला बसाल तेव्हा, पहिल्या घासाआधी, तिची आठवण ठेवा.